टोकनची कटकट: नेटबँकिंगच्या यंत्रांना लोक नावं का ठेवतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या ६४ सदनिकांच्या एका सोसायटीचे खजिनदार लिहितात की बँकेने सोसायटीच्या खात्यासाठी चेअरमन, सेक्रेटरी आणि त्यांना स्वतःला प्रत्येकी एक टोकन दिलंय. बटण दाबलं की सहा आकडे दिसतात, ते टाकल्याशिवाय लॉगिन होत नाही. तिघंही वैतागलेत आणि 'हे परत करू, साधा ओटीपी घेऊ' असा कमिटीचा सूर आहे. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तिथे बँका कॅल्क्युलेटरसारखं कार्ड घालायचं यंत्र देतात आणि लोक त्यालाही शिव्या घालतात म्हणे. मग ही यंत्रं कुणाला आवडतात तरी का, आणि टोकन ठेवावं की परत करावं?

ठेवा. पण तुमचा वैताग खोटा नाही, म्हणून जरा लांबून सांगते.

नेटबँकिंगच्या ग्राहकसेवेत माझी १९ वर्षं गेली. त्यातली पहिली चार हेडफोन लावून तक्रारी ऐकण्यात. यंत्राच्या नावाने ओरडणारे हजारो लोक ऐकले, पण 'हे यंत्र सुरक्षित नाही' असं म्हणायला फोन करणारा एकही आठवत नाही. लोक म्हणायचे, यंत्र घरी राहिलं आणि मी दुकानात आहे. आकडे दिसत नाहीत. बायको माहेरी गेली आणि पर्समधून तेही गेलं. आज दहा तारीख, पगार करायचेत आणि हे 'चुकीचा कोड' म्हणतंय. सगळ्या तक्रारी जागेच्या नाहीतर वेळेच्या. यंत्राबद्दलचं मत विचारलं की माणूस त्याचा दिवस कसा गेला ते सांगतो.

एक फोन तर पाठ झालाय. हार्डवेअरचं दुकान असलेले एक काका, सकाळी साडेअकराची वेळ. "ताई, आज पहाटेपासून माझं टोकन खोटं बोलतंय." चार वेळा कोड टाकला, चारही वेळा नाकारला, पाचव्यांदा खातं लॉक होईल अशी सूचना आलेली. मी विचारलं, काल रात्रीपासून यंत्र कुणाकुणाच्या हातात होतं? पलीकडे थोडी शांतता, मग हळूच, "नातू खेळत होता. त्याला आकडे बदलताना बघायला आवडतं."

झालं होतं ते असं. त्यांचं टोकन बटणावर मोजणारं होतं. यंत्रात एक गुप्त आकडा आणि एक मोजणी असते, बँकेच्या सर्व्हरवर तोच गुप्त आकडा आणि तीच मोजणी. बटण दाबलं की यंत्राची मोजणी एकाने पुढे जाते आणि दोन्हींच्या मिश्रणातून सहा आकडे निघतात. बँक आपल्या मोजणीच्या थोडं पुढेपर्यंत बघते, कारण माणूस एकदोनदा चुकून बटण दाबणारच. पण नातवाने टीव्ही बघता बघता शंभरेकदा दाबलं, तर यंत्र पुढच्या गावाला पोचतं आणि बँक मागच्याच स्टँडवर उभी राहते. उपाय सोपा असतो. लागोपाठचे दोन कोड सांगायला लावायचे, बँकेची मोजणी तिथे आणून बसवायची. पाच मिनिटांत काम झालं. काका मात्र खूश नव्हते. म्हणाले, "म्हणजे चार वर्षांचं पोरगं माझ्या खात्याला कुलूप लावू शकतं आणि तुम्ही त्याला सिक्युरिटी म्हणता." मला आजही याचं नीट उत्तर सुचत नाही.

दुसरा प्रकार घड्याळावर चालणारा. त्यात मोजणीच्या जागी वेळ असते, साधारण ३० किंवा ६० सेकंदांनी आकडे आपोआप बदलतात. इथली तक्रार वेगळी: "आकडे पळतात." चष्मा लावून वाचायचे, मान वळवून कीबोर्डवर टाकायचे, तोवर नवे आलेले. बहुतेक ठिकाणी नुकताच गेलेला कोडही थोडा वेळ चालतो, म्हणजे घाबरायचं कारण नसतं. पण हे ग्राहकाला कुणी सांगत नाही, आणि घाबरलेला माणूस हमखास आकडे उलटसुलट टाकतो. शिवाय आतलं घड्याळ वर्षानुवर्षांत थोडं मागेपुढे सरकतं आणि बॅटरी उतरत जाते. बॅटरी बदलायची सोय बहुतेक टोकनांत नसतेच, सगळं सीलबंद. पडदा फिका होतो, आठाचा तीन वाटायला लागतो, आणि हे नेमकं ३१ मार्चला होतं.

आता इंग्लंडकडे वळते, कारण ग्राहकांच्या मतांचा तिथे रीतसर अभ्यास झालाय. २००७ मध्ये बार्कलेजने 'पिनसेंट्री' नावाचा कार्ड रीडर आणला. तुमच्या मुलाकडे असलेलं यंत्र त्याच घराण्यातलं असणार. त्यात डेबिट कार्ड घालायचं, पिन टाकायचा, आठ आकडी कोड येतो. यातली खरी हुशारी कार्डाच्या चिपमध्ये असते. रीडर म्हणजे नुसता पडदा आणि बटणं, त्याचा इंटरनेटशी संबंध नाही आणि त्यात तुमचं काही साठत नाही. त्यामुळे एका बँकेच्या रीडरमध्ये दुसऱ्या बँकेचं कार्डही अनेकदा चालतं आणि ऑफिसात एकाचा रीडर चौघं वापरतात. २०११ मध्ये एचएसबीसीने 'सिक्युअर की' आणली. ही वेगळी. कार्ड लागत नाही, यंत्राचाच स्वतःचा पिन. खिशात मावेल एवढी लहान, पण प्रत्येक खातेदाराला 'ही सतत बरोबर बाळगायची का?' हा प्रश्न पडला आणि लोकांनी बँकेला भरपूर ऐकवलं. पुढे तीच गोष्ट मोबाइल ॲपमध्ये आली.

२००९ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी ५० बँक ग्राहकांना तीन यंत्रं हाताळायला दिली: नुसतं बटण दाबायचं, नुसतं कार्ड घालायचं, आणि कार्ड घालून वर पिनही टाकायचा. सर्वांत सुरक्षित कोणतं वाटतं आणि आवडतं कोणतं, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले. सुमारे दोनतृतीयांश लोकांनी ज्याला सर्वांत सुरक्षित म्हटलं ते यंत्र स्वतःसाठी निवडलं नाही. मला यात नवल वाटलं नाही. हेल्मेटचंही तसंच आहे, कोणतं चांगलं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

२०१५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २१ ग्राहकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांना सरासरी ११ दिवस रोजनिशी लिहायला लावली: कधी लॉगिन केलं, कुठून केलं, काय अडलं. सर्वांत जास्त कुरकुर निघाली ती वेगळ्या यंत्रांवर. पण मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. यंत्राच्या त्रासामुळे लोक बँकिंग कधी आणि कसं करायचं हेच बदलतात. नुसती शिल्लक बघायची असली तरी यंत्र शोधा, मग बघायचंच राहून जातं. आणि जो खात्यात डोकावत नाही त्याला चोरी उशिरा कळते. सुरक्षेसाठी दिलेल्या यंत्रामुळे राखणदाराचाच डोळा लागला, असं झालं. शिवाय पासवर्ड, पासकोड, सिक्युरिटी नंबर, पासफ्रेज असे चार शब्द चार ठिकाणी, कुठे काय टाकायचं कुणाला धड कळत नव्हतं. आपल्याकडे 'एमपिन', 'टीपिन', 'यूपीआय पिन', 'एटीएम पिन' आणि 'ट्रान्झॅक्शन पासवर्ड' एका दमात विचारणाऱ्या बँकांनी हा भाग भिंतीवर लावावा.

कुरकुर नुसती कुरकुर राहिली तर बिघडत नाही. माणूस त्यातून वाट काढतो आणि खरी भानगड त्या वाटेत असते. टोकनच्या पाठीवर पिन लिहिलेला स्टिकर मी स्वतः पाहिलाय, वर पारदर्शक चिकटपट्टी, घामाने पुसू नये म्हणून. आपल्याकडे काही डेबिट कार्डांच्या मागे ग्रिड असायचा, ए ते पी अक्षरं आणि प्रत्येकाखाली दोन आकडे. व्यवहार करताना त्यातले तीन विचारायचे. कल्पना स्वस्त आणि छान. लोकांनी काय केलं? कार्डाचा पुढून-मागून फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला. एका निवृत्त शिक्षकांनी तर सोळाच्या सोळा जोड्या डायरीत पाढ्यांसारख्या लिहून काढल्या होत्या, सुवाच्य अक्षरात.

डिजिटल सहीच्या यूएसबीचं, म्हणजे डीएससीचंही तेच. सीएच्या ऑफिसात तुम्ही गेला असाल तर तो खण पाहिला असेल: तीसचाळीस डोंगल, प्रत्येकाला पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर कंपनीचं नाव, आणि कधीकधी पासवर्डही. काही ग्रामपंचायतींत तर ग्रामसेवक आणि सरपंच या दोघांचे डोंगल एकाच बॅगेत फिरतात. पैसे काढायला दोन माणसांची संमती लागावी म्हणून दोन डोंगल केले, आणि काम अडू नये म्हणून ते एका माणसाकडे गेले. यात कुणाला चोर म्हणायचं नाही. सरपंच शेतावर, तालुक्याला जायची एसटी साडेदहाची, बिलाची मुदत आजची. अशा दिवशी नियम मोडणं म्हणजे फक्त काम उरकणं असतं.

तुमच्या सोसायटीत आत्ता तिन्ही टोकनं कुठे आहेत? मला उत्तर नको. पण माझा अंदाज आहे की ती तुमच्याच कपाटात आहेत.

आता ओटीपीकडे. कमिटीला वाटतं त्यात कटकट नाही, कारण फोन हातात असतोच. बरोबर आहे, म्हणूनच तो देशभर चालला. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली, नंतर त्याच कामाला एसएमएसवरचा ओटीपी सगळ्यांना सोयीचा पडला. इतर अनेक देशांत नुसत्या कार्ड नंबरवर खरेदी चालू असताना आपल्याकडे ही पायरी होती, याचं श्रेय द्यायला हवं.

पण ओटीपी तुमच्या हातात येतो असं आपण म्हणतो, तेव्हा तो खरं तर तुमच्या नंबरवर येतो. नंबर आणि हात यांत अंतर आहे. तुमच्या नावाने दुसऱ्याने सिम काढलं की नंबर त्याचा झाला. जर्मनीत २०१७ मध्ये तर चोरांनी टेलिफोन कंपन्यांच्या आपसातल्या यंत्रणेतली फट वापरून लोकांचे एसएमएस मधल्यामध्ये वळवले आणि खाती रिकामी केली. आपल्याकडे एवढ्या उठाठेवीची गरजच पडत नाही. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'ई-चलन' म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल येते, माणूस ती उघडतो, एसएमएस वाचायची परवानगी देतो, आणि पुढचे सगळे ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात. टोकनच्या बाबतीत हे होऊ शकत नाही. ते कशालाच जोडलेलं नाही, म्हणून त्याच्यात शिरायला रस्ताच नाही. बावळट दिसतं ते यंत्र, पण त्याचा बावळटपणाच कामाला येतो.

परदेशातल्या मराठी घरांना ओटीपीची एक वेगळीच सवय लागलीय. मुलगा लीड्सला, भारतातल्या खात्याचा नोंदवलेला नंबर पुण्यात आईच्या फोनमध्ये, कारण तिथे रोमिंग परवडत नाही आणि रिचार्ज न केलेलं सिम बंद पडतं. म्हणून रविवारी दुपारी फोन येतो, "आई, ओटीपी आला का गं?" आणि आई चष्मा शोधून एकेक आकडा वाचते, दोनदा. दहादहा वर्षं हे चाललंय. म्हणजे एका अत्यंत सावध बाईला आपणच दहा वर्षं शिकवलं की फोनवर कुणी प्रेमाने मागितलं की आकडे वाचून दाखवायचे असतात. मग एक दिवस 'बँकेतून बोलतोय काकू' म्हणणारा येतो, त्याचं काम अर्धं झालेलं असतं. तुमच्या घरी हे चालत असेल तर मुलाला त्याच्या बँकेत परदेशी नंबर किंवा ईमेलवर ओटीपी मिळतो का, किंवा ॲपमधून मंजुरी देता येते का, ते या आठवड्यात विचारायला सांगा. बऱ्याच बँका आता देतात.

एवढी बाजू घेतल्यावर टोकनची कमजोरीही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही निर्धास्त व्हाल. लॉगिनचा सहा आकडी कोड फक्त एवढंच सांगतो की यंत्र आत्ता कुणाच्या तरी हातात आहे. तुम्ही बँकेच्या साइटवर आहात की हुबेहूब नकलेवर, हे त्याला कळत नाही. नकली पानावर कोड टाकलात तर चोर तो त्याच मिनिटात खऱ्या साइटवर टाकतो. कार्ड रीडर इथे एक पाऊल पुढे आहे, कारण त्यात लॉगिनचं बटण वेगळं आणि सही करायचं वेगळं. नवीन माणसाला पैसे पाठवताना त्याच्या खात्याचे आकडे आणि रक्कम रीडरमध्ये टाकावी लागते, आणि येणारा कोड तेवढ्याच व्यवहाराला चालतो. चोराने मध्ये खातं बदललं तर कोड जुळत नाही. गंमत म्हणजे ग्राहकांना सर्वांत जास्त राग याच पायरीचा येतो. तेच आकडे पुन्हा का टाकायचे? कुणीही नीट सांगत नाही की ती पुनरावृत्ती हेच कुलूप आहे.

आणि माणसालाच फसवून त्याच्याच हाताने पैसे पाठवायला लावलं तर कुठलंच यंत्र मध्ये पडत नाही. ब्रिटनने शेवटी ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी असा नियम केला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढून असं ठरवलं होतं. दोष ना बँकेचा ना तुमचा, तिसऱ्याच कुणाचा असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पाठीवर पिन लिहिलेलं टोकन हरवलं तर बँक काय म्हणेल, याचा अंदाज करा. ग्राहकांचा एक जुना संशय असा की ही यंत्रं दोष आपल्यावर ढकलायला दिलेली असतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये ब्रिटिश कार्ड रीडरची चिरफाड केली तेव्हा त्यांनीही हा मुद्दा मांडला होता. संशय अगदीच वेडगळ नाही.

वारा कुठे वाहतोय तेही पाहा. सिंगापूरच्या बँकांनी जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं की ज्यांच्याकडे डिजिटल टोकन, म्हणजे मोबाइल ॲपमधलं टोकन आहे त्यांच्यासाठी लॉगिनचा ओटीपी बंद. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले, ते १ एप्रिल २०२६ पासूनचे: दोन वेगवेगळ्या प्रकारची पडताळणी, त्यातली किमान एक त्या व्यवहारापुरती ताजी. एसएमएस ओटीपीवर बंदी नाही, पण तोच हवा असंही नाही. म्हणजे आत्ता टोकन परत करून ओटीपी घेणं हे उलट्या दिशेची गाडी पकडण्यासारखं आहे. वैयक्तिक बचत खात्याला मी ॲपमधली मंजुरी सुचवते, वेगळं यंत्र नाही, कारण लोक ते बाळगत नाहीत हे मी मान्य करून टाकलंय. सोसायटीचा मामला निराळा. पैसे लोकांचे, व्यवहार महिन्यात आठदहा, आणि बहुधा एकाच टेबलावरून. टोकनसाठी याहून चांगली जागा नाही.

फक्त व्यवस्था बदला. तुमचं टोकन तुमच्याकडे, चेअरमनचं चेअरमनकडे, आणि बँकेकडून लेखी खात्री करून घ्या की तुम्ही नोंद करायची आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची, एकाच टोकनने दोन्ही होत नाही. वॉचमनचा आणि सफाईवाल्याचा पगार सात तारखेला असेल तर नोंद पाच तारखेच्या संध्याकाळी करा. चेअरमन गावाला गेले तर सेक्रेटरींच्या टोकनने मंजुरी मिळेल असं आधीच लावून घ्या. तिसरं टोकन त्यासाठीच आहे, खणात पडायला नाही. तिन्हींच्या पाठीमागचे अनुक्रमांक एका कागदावर लिहून सोसायटीच्या फाइलला लावा, हरवलं तर बँक पहिल्यांदा तोच विचारते. आणि बँकेचा चौकशी नंबर गूगलवर शोधू नका, पासबुकावरचा किंवा कार्डामागचा वापरा. पैसे गेलेच तर बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, दोन्हीकडे लगेच कळवा.

कमिटी बदलते तेव्हा सर्वांत जास्त घोळ होतो. जुने खजिनदार निरोपाच्या चहाला नव्यांच्या हातात किल्ल्या, शिक्का आणि टोकन ठेवतात, वर पिनही सांगतात. तसं करू नका. ठराव करा, बँकेला द्या, जुनं टोकन रद्द, नव्या माणसाच्या नावाने नवं. याला काही बँकांत पंधरा दिवस लागतात, म्हणून वार्षिक सभेच्या आदल्या महिन्यातच अर्जाचा नमुना आणून ठेवा.

तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की सेक्रेटरींच्या टोकनचे आकडे फिके दिसतात. ती बॅटरी आहे, डोळे नाहीत. उद्याच शाखेत बदलून मागा.